सपाट पत्रा, तिरपा पत्रा : गाडीच्या पोटाखालील चिलखताचा इतिहास

१/
खडकाळ वाटेवर चालणाऱ्या जीपच्या पोटाखाली एक जाड धातूचा पत्रा बसवलेला असतो. त्याला स्किड प्लेट म्हणतात. गाडी दगडावर टेकली तरी ऑइल चेंबर किंवा गिअरबॉक्स फुटू नये आणि गाडी घसरत पुढे निघून जावी, एवढेच त्याचे काम. मात्र खाली दगडाऐवजी भूसुरुंग असेल तर? या प्रश्नाचे उत्तर १९७० च्या दशकात आफ्रिकेतील एका युद्धाने शोधले.

२/
तो देश म्हणजे ऱ्होडेशिया, आजचा झिम्बाब्वे. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयान स्मिथ यांच्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केले. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना सत्तेत न्याय्य वाटा नाकारणाऱ्या या राजवटीविरुद्ध झानू आणि झापू या संघटनांनी शस्त्र उचलले. डिसेंबर १९७२ पासून हे गनिमी युद्ध तीव्र झाले.

३/
गनिमांच्या हाती सोव्हिएत बनावटीचे टीएम-४६ आणि टीएम-५७ हे रणगाडाविरोधी सुरुंग होते. एकेका सुरुंगात सुमारे सहा किलो स्फोटक. ग्रामीण भागातील बहुतेक रस्ते मातीचे. रात्री पुरलेला सुरुंग सकाळी दिसत नसे. रणगाड्यासाठी घडवलेला हा सुरुंग साध्या लँड रोव्हरच्या चाकाखाली फुटला, की आतील माणसे वाचण्याची शक्यता फारच थोडी उरे.

४/
आरंभीचे उपाय घरगुती स्वरूपाचे होते. गाडीच्या तळाशी वाळूच्या पिशव्या रचल्या गेल्या, टायरांत हवेसोबत पाणी भरले गेले, पोटाखाली पोलादी पत्रे जडवले गेले. त्यांचा उपयोग झाला. पण या उपायांना मर्यादा होती. प्रत्येक पत्र्याबरोबर वजन वाढे, पाटे आणि इंजिन यांच्यावर ताण येई.

५/
मूळ अडचण पत्र्याच्या जाडीत नव्हती, आकारात होती. स्फोटाची लाट खालून वर झेपावते. सपाट तळ तिला आडवा येतो, तिचा सारा आघात स्वतःवर घेतो आणि एकतर फाटतो किंवा गाडीसकट वर फेकला जातो. तळाखालील यंत्राचे सुटे भाग अशा वेळी गोळ्यांसारखे आत घुसतात. म्हणजे दगडापासून रक्षण करणारी रचना सुरुंगापुढे दुबळी ठरते.

६/
तोच पत्रा होडीच्या तळासारखा, ‘व्ही’ आकारात तिरपा केला तर लाटेचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी निसटून जातो. तळ जमिनीपासून उंच ठेवला तर लाभ वाढतो, कारण स्फोटाचा जोर अंतरासोबत झपाट्याने घटतो. चाके माणसांपासून दूर नेली तर स्फोट चाकाखाली होतो आणि चाक तुटून पडते. माणूस मात्र वाचतो.

७/
या तत्त्वांवर अर्न्स्ट कॉन्शेल या अभियंत्याने १९७४ च्या सुमारास ‘लेपर्ड’ ही गाडी घडवली. ऱ्होडेशियावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते, त्यामुळे हाताशी असलेले फोक्सवॅगनचे भाग वापरले गेले. चाके बसण्याच्या जागेपासून दूर, पुढे-मागे होती. प्रवाशांना पट्टा बांधणे अत्यावश्यक होते; कारण गाडी शाबूत राहिली तरी ती उलटली, तर आपटून मृत्यू येऊ शकत असे.

८/
दक्षिण आफ्रिकेने हीच कल्पना पुढे नेली. प्रथम ‘हिप्पो’, मग ‘बफेल’ आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘कॅस्पिर’. पोलीस दलाचे एसएपी आणि संशोधन परिषदेचे सीएसआयआर या आद्याक्षरांची उलटापालट करून हे नाव तयार झाले. चाकाखाली २१ किलो टीएनटी फुटले तरी आतील माणसे वाचावीत, असा तिचा आराखडा होता.

९/
आता खरा प्रश्न येतो: या तिरप्या पत्र्यामागे बसले कोण? ऱ्होडेशियात तेथे प्रामुख्याने सैनिक, पोलीस आणि गोरे शेतमालक बसले. त्याच रस्त्यांवरून साध्या बसने जाणाऱ्या कृष्णवर्णीय खेडुतांना आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतील मजुरांना असे कवच नव्हते. सुरुंग माणसाचा रंग पाहत नव्हता. कवचाचे वाटप मात्र रंग पाहून झाले. १९८० च्या दशकात तर कॅस्पिर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत निदर्शने चिरडण्यासाठी फिरली आणि वर्णद्वेषी राजवटीचे प्रतीक बनली.

१०/
पुढे त्याच कॅस्पिर मोझांबिकसारख्या देशांत पुरलेले सुरुंग काढण्याच्या कामी आल्या. यंत्र तेच होते, ते कोणासाठी चालवायचे याचा निर्णय बदलला होता.

११/
हे ज्ञान उपलब्ध असूनही २००३ मध्ये अमेरिका सपाट तळाच्या हमवी घेऊन इराकमध्ये उतरली. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतमध्ये एका सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना जाहीरपणे विचारले, की गाड्यांना लावण्यासाठी आम्हाला भंगारातून पत्रे का शोधावे लागतात? २००७ मध्ये नवे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ‘व्ही’ तळाच्या एमरॅप गाड्यांना सर्वोच्च प्राधान्य दिले. पुढे अशा २५ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

१२/
भारतीय सैन्याने काश्मीरसाठी कॅस्पिर घेतल्या. मेदकच्या आयुध कारखान्यात ‘आदित्य’ ही सुरुंगरोधक गाडी बनू लागली. पण सुरुंगही मोठे होत गेले. सप्टेंबर २००५ मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात अशीच एक गाडी उडवली गेली आणि २४ जवान मारले गेले. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतील जांभूळखेड्याजवळ १५ पोलीस आणि त्यांचा चालक स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांची गाडी तर साधी खासगी होती.

१३/
कोणताही पत्रा अभेद्य नसतो. तो वाचण्याची शक्यता वाढवतो, इतकेच. पोलाद वाकवून संकटाला बगल कशी द्यायची, हे अभियंत्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिले. ते कवच कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाच्या नाही, हे मात्र प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांनी ठरवले.