अब्राहामाशी झालेला करार

देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराचा उगम बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आहे. अब्रामाने, म्हणजेच पुढच्या अब्राहामाने, तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून अर्धे भाग समोरासमोर मांडले. सोबतची पाखरे मात्र चिरली नाहीत. अशा तुकड्यांमधून चालत जाणे म्हणजे शब्द मोडल्यास आपलीही हीच गत होवो, अशी शपथ घेणे. सीरियातील सेफिरे येथील इ.स.पू. ८व्या शतकातील तहनाम्यातही चिरलेल्या वासराचा असाच शाप कोरलेला आहे.

इथे तर अब्राम गाढ झोपेत आहे. तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण. शपथेचा भार देव स्वतःवर घेतो. साऱ्या कथेतला सर्वांत धाडसी भाग हाच.

१७व्या अध्यायात माणसाच्या वाट्याचेही बंधन येते. ९९ वर्षांच्या अब्रामाला अब्राहाम हे नाव मिळते आणि मुलग्याची आठव्या दिवशी सुंता ही कराराची खूण ठरते. पुढे या कराराचे वचन मुलगा इसहाक आणि नातू याकोब यांनाही मिळते.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने बाहेरच्या ज्यू जगाशी फारसा संबंध नसतानाही आठव्या दिवसाची ही सुंता पिढ्यान्‌पिढ्या जपली.