फ्रेंचमध्ये उंदीर 'तो' नाही, 'ती'!

फ्रेंचमधली प्राण्यांची नावं पटकन पाठ होतात. 'शा' म्हणजे मांजर, 'शियँ' म्हणजे कुत्रा, 'व्हाश' म्हणजे गाय. घोळ होतो तो लिंगात.

मराठीत लिंगं तीन, फ्रेंचमध्ये दोनच. त्यामुळे आपलं नपुंसकलिंगी कासव तिकडे स्त्रीलिंगी होतं (ला तोर्त्यू), तर फुलपाखरू पुल्लिंगी (ल पापियाँ). उंदीर, बेडूक आणि जिराफ मात्र तिकडे चक्क 'ती': ला सुरी, ला ग्रनुय, ला झिराफ. प्राणी नर असला तरी शब्द बदलत नाही. नर जिराफ म्हणजे 'ला झिराफ माल'. यात फार नवल नाही. घार नर असली तरी आपणही 'ती घार'च म्हणतो.

लिंग चुकलं की विशेषणही चुकतं. पुल्लिंगी पांढरा 'ब्लाँ', स्त्रीलिंगी 'ब्लाँश'. म्हणून पांढरा उंदीर 'सुरी ब्लाँश'.

मग 'ल' किंवा 'ला' लावून पाठ करायचं का? स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत ते फसतं. हत्ती 'लेलेफाँ', कोळी 'लारेन्ये'. दोन्हीकडे नुसता 'ल्' उरतो, लिंग कळतच नाही. त्यापेक्षा 'एक' या अर्थाचं 'अँ' (पुल्लिंगी) किंवा 'युन' (स्त्रीलिंगी) जोडून शब्द लक्षात ठेवा. 'युन आरेन्ये' म्हटलं, की कोळी स्त्रीलिंगी हे लगेच कळतं.