विषुवदिन
विषुवदिन : सूर्याच्या बिंबाचा मध्य खगोलीय विषुववृत्त ओलांडतो तो दिवस. वसंतसंपात साधारणपणे २० किंवा २१ मार्चला, तर शरदसंपात २२ किंवा २३ सप्टेंबरला होतो. या दिवशी दिनमान व रात्रिमान समान असते असे म्हणतात. प्रत्यक्षात दिवस काही मिनिटांनी मोठा असतो.

याची कारणे दोन. सूर्योदय व सूर्यास्त बिंबाच्या मध्यावरून नव्हे, वरच्या कडेवरून मोजतात. बिंबाची त्रिज्या सुमारे १६ कला आहे. शिवाय वातावरणातील अपवर्तनामुळे क्षितिजाजवळचा सूर्य सुमारे ३४ कला वर उचललेला दिसतो. म्हणून बिंबमध्य क्षितिजाखाली ५० कला असतानाच सूर्य उगवतो आणि तितकाच खाली गेल्यावर मावळतो. विषुववृत्तावर यामुळे सकाळी व सायंकाळी प्रत्येकी सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांची भर पडते. ध्रुवांकडे जावे तशी ही भर वाढते.

दिवस-रात्र खरोखर समान होण्याची तारीख अक्षांशानुसार बदलते. मुंबईत ती वसंतसंपाताच्या सुमारे सहा दिवस आधी आणि शरदसंपातानंतर तितक्याच दिवसांनी येते. विषुववृत्तावर मात्र दिवस वर्षभर रात्रीहून मोठाच राहतो.