हिरेबेणकलची दगडी घरे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही आमच्या एका सहलीची हकिगत सांगत आहोत. ती नुसती सहलीची नाही, आपण आपला इतिहास कसा सांगावा याचीही आहे.

विहारातले आम्ही सातजण कर्नाटकात कोप्पळला सम्राट अशोकाचे शिलालेख पाहायला निघालो होतो. त्याच जिल्ह्यात, गंगावती तालुक्यात, हिरेबेणकल नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरावर फार जुनी दगडी घरे आहेत असे वाचले होते. म्हटले, आधी ती पाहू.

वाट खडकाळ, झुडपांतून जाणारी. माथ्यावर पोचलो आणि सगळे गप्पच झालो. फरशीसारख्या उभ्या शिळांच्या भिंती, वर छताला एक आडवी शिळा, आणि काहींच्या एका भिंतीला कोरून काढलेले गोल भोक. काही माणसाहून उंच, काही गुडघ्याएवढी. लहानमोठी मिळून चारशेच्या आसपास बांधकामे या डोंगरावर आहेत. पण घरे कसली, ही मृतांची स्मारके! लोखंड वापरणाऱ्या माणसांनी ती उभारली. अभ्यासक त्यांचा काळ साधारण इ. स. पूर्व ८०० ते २०० असा सांगतात. २०२१ साली ही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आमच्यातले बहुतेक सूतगिरणीतले. त्यामुळे डोळे आधी वजनाकडे गेले. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि वीतभर जाड अशी शिळा धरली, तर ढोबळ हिशोबाने अडीच टनांच्या वर भरते. कापसाची एक गाठ १७० किलोची. म्हणजे पंधरा-सोळा गाठी एकदम! एक गाठ लोळवताना काय दम लागतो ते आम्हांला ठाऊक आहे. इथे ना क्रेन, ना ट्रॉली. डोंगरावरचाच दगड फोडला, ओढला आणि उभा केला. ही कामे शेदोनशे हात एका विचाराने लागल्याशिवाय होत नाहीत. त्या हातांपैकी एकाचेही नाव आज कुणाला माहीत नाही.

तिथले लोक या डोंगराला मोर्यर गुड्ड म्हणतात, म्हणजे मोर्यांचा डोंगर. पूर्वी बुटकी माणसे होती म्हणे, त्यांची ही घरे. हे ऐकताच आमच्यातला एक तरुण उसळून म्हणाला, "मोर्य म्हणजे मौर्यच की! ही अशोकाचीच माणसं. आपल्याकडचे मोरेही त्यातलेच. सगळं आपलंच आहे हे, लिहून टाका!"

खरे सांगतो, आमच्याही मनाला ते गोड लागले. का लागू नये? आपल्या वाडवडिलांना गावच्या मसणवट्यातही जागा नव्हती. गावकुसाबाहेर कुठेतरी पुरले, वर दोन दगड ठेवले, पुढच्या पावसात तेही वाहून गेले. अशा माणसांना हजारो वर्षे टिकलेली जागा दिसली की मन धावतेच.

पण भगवंतांनी कालामांना काय सांगितले? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही मानू नका. नुसत्या नावाच्या साम्यावर इतिहास उभा राहत नाही. अशोक झाला इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, आणि अशी स्मारके बांधण्याची रीत त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुवे जिथे तुटले आहेत तिथे आपण अनुमानाने जोडले आहेत, हे त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितले. एवढा मोठा विद्वान सांगतो, मग आपण का लपवावे?

मग आपला काहीच संबंध नाही का? आहे बरं का. चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीला अशोकाचा शिलालेखही आहे आणि दगडी थडगीही आहेत. १९४७ साली व्हीलर यांनी तिथे उत्खनन केले. थडग्यांत गोळा करून ठेवलेली हाडे, काळी-तांबडी मडकी आणि लोखंडाची हत्यारे निघाली. म्हणजे अशोकाची आज्ञा या मुलखात आली तेव्हा ती ओसाड रानात आली नाही. मेलेल्यांची हाडे जपणाऱ्या, दगड जाणणाऱ्या, कष्टकरी माणसांच्या मुलखात आली.

दुसऱ्या दिवशी कोप्पळला गविमठ आणि पालकीगुंडू या दोन टेकड्यांवरचे लेख पाहिले. ब्राह्मी अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत, पण अर्थ पाठ करून गेलो होतो. राजा सांगतो की तो अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहे. सुरुवातीला त्याने फारसा उद्योग केला नाही, मग संघाच्या जवळ गेला आणि नेटाने लागला. पुढे तो म्हणतो, हे फळ थोरांनाच मिळते असे नाही, लहान माणसालाही प्रयत्नाने मिळते.

तिथे आम्हांला डोंगरावरची ती बुटक्या माणसांची गोष्ट आठवली. अंगाने नव्हे, मानाने लहान ठरवलेली माणसे सर्व काळात असतात. त्यांच्यासाठी राजाने दगडावर हे लिहून ठेवले. तो तरुणही बराच वेळ लेखासमोर उभा राहिला. उतरताना म्हणाला, "मोऱ्यांचं राहू द्या. हे लिहा."

म्हणून लिहिले. पालकांनी मुलांना तिकडे जरूर न्यावे. भुताखेताच्या आणि गुप्तधनाच्या गोष्टी सांगू नयेत. धनाच्या लोभाने माणसे अशी थडगी फोडतात. आपण दगडावर नाव कोरू नये, शेंदूर लावू नये. जे ठाऊक आहे ते सांगावे, जे अनुमान आहे त्याला अनुमान म्हणावे.

नमो बुद्धाय! जयभीम!