चित्रपटाचें स्वामित्व

शेताला बांध घालतां येतो, घराला कुलूप लावतां येतें. परंतु पडद्यावर क्षणभर हालून नाहींशा होणाऱ्या चित्राला बांध कोठें घालावा? चित्रपट, किंवा चित्रपटांवरील ध्वनिमुद्रित चर्चा, घरोघर पोंचविणारे लोक आज आपापली नियमावली आपल्यापुढें ठेवितात. ‘स्वतः पाहा, स्वतः ऐका, नक्कल करून विकूं नका,’ असा तिचा मथितार्थ असतो. आपण ती न वाचतांच मान्य करतों. म्हणून तिच्यामागचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत १८६५ पासून छायाचित्रांना कायद्याचें संरक्षण होतें. चलच्चित्रांचा त्यांत उल्लेख नव्हता, आणि असणार तरी कसा? तेव्हां एडिसनच्या मंडळीनें एक युक्ति काढली. चित्रफितींतील चित्रें कागदावर छापावयाचीं आणि तीं छायाचित्रें म्हणून वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत नोंदवावयाचीं. एडिसनच्या कारखान्यांतील फ्रेड ऑट याच्या शिंकेचें, १८९४ च्या जानेवारींत असें नोंदलेलें चित्र आजहि उपलब्ध आहे.

ही युक्ति न्यायालयांत टिकेल काय, हा प्रश्न लौकरच उपस्थित झाला. १९०२ सालीं जर्मन बादशहाच्या ‘मीटिओर’ नांवाच्या क्रीडानौकेचा जलावतरणसमारंभ एडिसनच्या माणसांनीं टिपला. फिलाडेल्फियाच्या ल्युबिन नामक व्यापाऱ्यानें त्याची नक्कल विकली. खालच्या न्यायालयानें म्हटलें कीं, फितींतील प्रत्येक चित्राची नोंद निराळी झाली पाहिजे. एका फितींत चित्रें हजारों! हक्क मिळूनहि न मिळाल्यासारखाच. परंतु १९०३ च्या एप्रिलांत वरच्या न्यायालयानें हा निकाल फिरविला व सबंध फीत मिळून एकच छायाचित्र होय असें ठरविलें. पुढें १९१२ सालीं अमेरिकन कायद्यानें चलच्चित्रांस स्वतंत्र स्थान दिलें.

मौज अशी कीं, न्याय मागणाऱ्या याच मंडळीनें फ्रान्समधील जॉर्ज मेलिए याच्या १९०२ च्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटाच्या नकला बिनदिक्कत विकल्या होत्या! दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. मेलिएला अखेर १९०३ सालीं आपल्या भावाकरवीं न्यूयॉर्क येथें पेढी उघडावी लागली.

परंतु या कथेचें मोठें फळ निराळेंच आहे. त्या काळची फीत ज्वालाग्राही. ती जळे किंवा कुजे. मूळ फिती पुष्कळशा नष्ट झाल्या, आणि हक्काच्या पुराव्यासाठीं ठेविलेले कागद मात्र ग्रंथालयांत पडून राहिले. १९५० नंतर केम्प निव्हर व त्यांचे सहकारी यांनीं त्यांवरून सुमारें तीन हजार चित्रपट पुन्हां फितीवर उतरविले. मालकीसाठीं केलेली नोंद इतिहासाची ठेव ठरली.

याच हक्काची दुसरी बाजू जर्मनींत दिसून आली. ब्रॅम स्टोकर याच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या कादंबरीवरून मुर्नाऊनें १९२२ सालीं ‘नोस्फेराटू’ हा चित्रपट काढला. परवानगी घेतली नव्हती. स्टोकरच्या विधवेनें दाद मागितली. तिची तक्रार रास्त होती, यांत शंका नाहीं. पण चित्रपट काढणाऱ्या कंपनीचें दिवाळें निघालेलें. भरपाई कोण देणार? १९२५ सालीं सर्व प्रति नष्ट करण्याचा हुकूम झाला. कांहीं प्रति सुटल्या, म्हणूनच ही कृति आज जगाला पाहतां येते.

या दोन हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे नियमांची कसोटी हातीं येते. निर्मात्याला त्याच्या श्रमाचें मोल मिळालेंच पाहिजे. जो ही गोष्ट नाकारतो तो ल्युबिनच्या पंक्तीला बसतो. परंतु त्या मोलापायीं कृतीचाच नाश करण्याचा अधिकार कोणास असावा, हें आम्हांस मान्य होणें कठीण आहे. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यानें टीका व परीक्षण यांसाठीं रास्त उपयोगाची मुभा ठेविली आहे, आणि आज चित्रपटावरील हक्काची मुदत प्रसिद्धीनंतर साठ वर्षांची आहे. त्यानंतर ती कृति सर्वांची होते. तेव्हां यापुढें एखादी नियमावली समोर आली, तर ‘मला काय मना आहे’ इतकेंच न पाहतां, ‘पुढच्या पिढीसाठीं यांत काय राखलें आहे’ हेंहि वाचकांनीं अवश्य पाहावें.