दोन महानगरांमधली वाट

फेब्रुवारी महिना उजाडला की वसईच्या धर्मग्रामांत संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव पुन्हा घेतले जाते. नागासाकीची टेकडी, सव्वीस क्रूस आणि भाल्यांचे वार ही चित्रे आपण लहानपणापासून प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. मात्र त्या टेकडीवर पोहोचण्यापूर्वी वसईचा हा सुपुत्र ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर जपानच्या रस्त्यांवर होता, या गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतो शहरात कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. क्योतो, ओसाका आणि साकाई या शहरांतून त्यांची धिंड काढण्यात आली आणि मग पश्चिमेकडे जाणाऱ्या खुष्कीच्या मार्गाने त्यांची रवानगी झाली. त्या वेळी ते चोवीस जण होते. त्यांची सेवा करीत मागोमाग चाललेल्या आणखी दोघांना वाटेत त्यांच्यात सामील करण्यात आले, तेव्हा सव्वीस ही संख्या पुरी झाली. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते. एकेकाळचे व्यापारी, मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झालेले साधे बंधू आणि १५९३ पासून फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी.

ओसाकाहून पश्चिमेस निघालेल्या वाटसरूला त्या काळी निशिनोमिया गाव टाळता येत नसे. क्योतोहून येणारा रस्ता आणि ओसाकाहून येणारा रस्ता, दोन्ही तेथे एकत्र होत. पुढे एका बाजूला डोंगर व दुसऱ्या बाजूला समुद्र ठेवून ही एकच वाट ह्योगो बंदराकडे, म्हणजे आजच्या कोबेकडे जाई. या लेखाचा विषय वाटेचा हाच तुकडा आहे. येथे आज टेकड्यांच्या उतारांवर टुमदार घरे आहेत, चेरीच्या झाडांच्या रांगा आहेत, आणि सकाळी गाडीने पूर्वेस ओसाकाला किंवा पश्चिमेस कोबेला कामावर जाणारी व रात्री परतणारी माणसे आहेत. जपानी लोक या प्रदेशाला 'हानशिन-कान' म्हणतात. 'हान' हे ओसाकाच्या नावातील अक्षर, 'शिन' हे कोबेच्या नावातील आणि 'कान' म्हणजे मधले. गंमत अशी की सुटे वाचले तर पहिल्या अक्षराचा अर्थ 'चढण' आणि दुसऱ्याचा 'देव' असा होतो. चढण आणि देव यांच्या मधला प्रदेश! अर्थात तेथील माणूस हे नाव उच्चारताना असला काही विचार करीत नाही, जसा आपण 'नालासोपारा' म्हणताना शूर्पारकाचा करीत नाही.

ओसाका आणि कोबे यांत अंतर जेमतेम तीस किलोमीटरांचे. उत्तरेला रोक्को पर्वताची रांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर ९३१ मीटर उंच आहे आणि तिथून उतार थेट समुद्राकडे धावतो. हा डोंगर ग्रॅनाइटचा. जपानी भाषेत ग्रॅनाइटला 'मिकागे' असे जे नाव पडले, ते याच पायथ्याच्या एका गावावरून. ज्या हिदेयोशीने गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांना मृत्युदंड फर्मावला, त्याचा ओसाकाचा किल्ला १६१५ साली पडला. तो पुन्हा बांधताना नव्या राज्यकर्त्यांनी दगड काढला तोही या डोंगरांतून. हा खडक कुजून त्याची भुसभुशीत वाळू होते आणि पावसाबरोबर खाली येते. तिच्यामुळे नद्यांची पात्रे वर्षानुवर्षे उचलली गेली आणि अखेरीस आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच झाली. ओसाका-कोबे हा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. त्याच्या बांधणीत अभियंत्यांना नदीवर पूल बांधण्याऐवजी नदीखालून बोगदा काढावा लागला. इशिया नदीखालचा हा बोगदा जपानमधील रेल्वेचा पहिलाच बोगदा होय. डोंगर तर जळणासाठी इतका तोडला गेला होता की विसाव्या शतकाच्या आरंभी तो अगदी बोडका होता. १९०२ पासून त्यावर वृक्षलागवड सुरू झाली. आज प्रवाशाला जी हिरवाई अनादी वाटते, ती मुख्यत्वे शंभर-सव्वाशे वर्षांची आहे.

येथील शांततेचेही तसेच आहे. ती निसर्गाने दिली, त्याहून अधिक ती तयार करून विकली गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी ओसाका हे कापडगिरण्यांचे शहर होते. त्याला 'पूर्वेकडील मँचेस्टर' म्हणत आणि 'धुराचे शहर' असेही. १९०५ साली हानशिन कंपनीची विजेची गाडी ओसाका-कोबे दरम्यान किनाऱ्यालगत धावू लागली. पुढे तीनच वर्षांत या कंपनीने शहराबाहेर राहण्याचे फायदे सांगणारे पुस्तक काढले आणि त्यासाठी डॉक्टर मंडळींचे अभिप्राय गोळा केले. परंतु या विद्येतला खरा उस्ताद म्हणजे कोबायाशी इचिझो. हा पूर्वाश्रमीचा बँक कर्मचारी. १९०७ साली स्थापन झालेल्या ज्या रेल्वे कंपनीची धुरा त्याच्याकडे आली, तिचा मार्ग शेतांतून आणि डोंगरपायथ्याने जाणार होता. तेथे उतारू मिळणार कोठून? कोबायाशीने प्रश्न उलटा केला. उतारू नसतील तर ते तेथे वसवावेत. लोहमार्गालगतची जमीन स्वस्तात घेऊन त्याने घरे बांधली आणि १९१० साली गाडी सुरू झाली त्याच वर्षी इकेदा येथे ती विकायला काढली. मासिक हप्ते, मुदत दहा वर्षे. पगारदार माणसाला स्वतःच्या मालकीचे घर मिळवून देणारा जपानमधील हा आरंभीचाच प्रयोग होता. धुराने कोंडलेल्या ओसाकाकरांना उद्देशून त्याने पत्रके काढली. जमीन कशी निवडावी, घर कसे असावे, हे वाचकाला आपुलकीने विचारणारी ती पत्रके होती, आणि उत्तर अर्थातच कंपनीच्या खिशात तयार होते. मार्गाच्या डोंगराकडील टोकाला, ताकाराझुका येथे, गरम पाण्याचे झरे होते. तेथे त्याने १९१४ साली मुलींची नाट्यमंडळी उभी केली. शहराकडील टोकाला १९२९ साली मोठे बहुमजली दुकान उघडले. सकाळी गाड्या शहराकडे भरून जात, सुटीच्या दिवशी डोंगराकडे.

त्याच कंपनीचा कोबे मार्ग १६ जुलै १९२० रोजी सुरू झाला. जुन्या दोन मार्गांपेक्षा तो डोंगराच्या अधिक जवळून काढला होता, कारण विकाऊ जमीन तेथेच होती. आपल्या गाड्या वेगवान आणि देखण्या आहेत, आणि शिवाय अगदी रिकाम्या असतात, अशी या मार्गाची जाहिरात होती. विरारच्या गाडीत दाराला लोंबकळून उभे आयुष्य काढलेल्या आमच्या वाचकाला ही जाहिरात एखाद्या परीकथेतील वाटेल.

अशा रीतीने शुकुगावा, आशिया, ओकामोतो ही उपनगरे भरू लागली. ओसाकाचे व्यापारी आले, कोबेतील परदेशी कंपन्यांचे कर्मचारी आले, आणि १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर कादंबरीकार तानिझाकी जुनइचिरो यांच्यासारखे लेखकही आले. शाळा आल्या, महाविद्यालये आली. ख्रिस्तसभाही आली. पॅरिस परराष्ट्र मिशनचे फादर सिल्व्हाँ बूस्के यांनी शुकुगावाला धर्मग्रामाची स्थापना केली. बाल येशूच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र जपानी भाषेत नेणारे ते हेच. त्याच संतेला वाहिलेले, उंच मनोऱ्याचे मंदिर १९३२ साली उभे राहिले.

या मंदिरात १९३५ साली एका मुलाने इतर मुलांबरोबर रांगेत उभे राहून स्नानसंस्कार घेतला. वय अवघे बारा, नाव एन्दो शुसाकू. आईवडिलांचा काडीमोड झाल्यावर तो आईबरोबर मांचुरियातील दाइरेनहून १९३३ साली या भागात आला होता. आई व्हायोलिनवादक. एकाकीपणात तिने ख्रिस्ताचा आश्रय घेतला आणि मुलांनाही तेथे नेले. तू श्रद्धा ठेवतोस काय, या धर्मगुरूंच्या प्रश्नाला पुढची मुले 'होय' म्हणाली म्हणून आपणही म्हणालो, असे एन्दो पुढे प्रांजळपणे सांगत. पौल हे नाव त्याला मिळाले. आईने अंगावर चढवलेला हा पाश्चात्त्य बेताचा तयार कपडा आपल्या अंगाला कोठे सैल, कोठे घट्ट होत होता. तो फेकून देणे जमले नाही, म्हणून उसवून पुन्हा आपल्या मापाचा शिवण्यात आयुष्य गेले, हे त्यांच्या साऱ्या लेखनाचे त्यांनीच सांगितलेले सूत्र आहे. १९६६ च्या 'मौन' या त्यांच्या कादंबरीने जगभरच्या कॅथलिक वाचकांना अस्वस्थ केले. तिचा नायक धर्मगुरू छळापुढे नमतो आणि ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. १९९३ च्या 'खोल नदी' मध्ये त्यांनी आपली पात्रे वाराणसीला गंगेकाठी आणली.

एन्दोंना घडविण्यात या उपनगराचा हात होता, असे मला वाटते. नागासाकीच्या परिसरात अडीचशे वर्षे लपून श्रद्धा जपणाऱ्या घराण्यांचे वारस होते. तेथे रक्तसाक्ष्य हा घरचा वारसा होता. शुकुगावाला असे काहीही नव्हते. सगळेच कोठून तरी आलेले, घर हप्त्याने घेतलेले आणि श्रद्धाही नवीन. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला रक्तसाक्ष्यांच्या कथा ऐकून पहिला प्रश्न पडला, तो आपल्याला हे जमले असते काय, हा. आपण वसईकर हा प्रश्न सहसा विचारत नाही. गोन्सालो आपले आहेत एवढ्यावर आपले समाधान होते.

या प्रश्नाची परीक्षा त्या उपनगरात लवकरच झाली. युद्धकाळात लष्करी पोलिसांनी फादर बूस्के यांना अटक केली आणि १९४३ साली त्यांचा अंत झाला. नाताळचे गायन ज्यांनी त्यांच्याकडून ऐकले असेल, अशा त्या टुमदार घरांच्या खिडक्या तेव्हा बंद होत्या. त्या घरांना मी दोष देत नाही. शत्रुराष्ट्राचा धर्म मानणारे म्हणून ख्रिस्ती कुटुंबांवर आधीच संशयाचे डोळे होते. १९४५ च्या जूनमध्ये बाँबहल्ल्याने कोबे जळाले, तेव्हा नोसाका आकियुकी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा लहानग्या दत्तक बहिणीला घेऊन निशिनोमियाच्या टेकडीखालच्या मांचिदानी भागात नातेवाइकांच्या आश्रयाला आला. ती बहीण पुढे फुकुई येथे उपासमारीने गेली. १९६७ साली त्याने 'काजव्यांची समाधी' ही कथा लिहिली. तिच्यातील भावंडे याच उपनगरात, तळ्याकाठच्या एका आडोशात, भरल्या घरांपासून हाकेच्या अंतरावर भुकेने झिजतात. कथेतल्या भावाइतका मी प्रेमळ नव्हतो, तिच्या वाटचे अन्न मीच खाल्ले, अशी कबुली नोसाकांनी नंतर दिली. शांत वस्तीच्या इतिहासात हे पानही असावयास हवे.

जमिनीनेही आपले म्हणणे मधूनमधून मांडले. जुलै १९३८ मध्ये तीन दिवसांच्या पावसाने रोक्कोच्या नद्या फुटल्या आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली. उतारावरची नवी घरे आणि आखडून टाकलेले प्रवाह यांचा त्यात मोठा वाटा होता. तानिझाकींच्या 'सासामेयुकी' या कादंबरीत तो पूर आला आहे. आणि मग १७ जानेवारी १९९५. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात एकूण ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी अकराशेंहून अधिक निशिनोमियातील होती. निगावा येथे टेकडीचा एक उतारच घसरला आणि चौतीस जणांना घेऊन गेला. एन्दो कुटुंब १९३९ पासून याच निगावात राहत होते. कोबेच्या नागाता भागातील ताकातोरी येथील कॅथलिक मंदिर आगीत भस्मसात झाले. त्या जागी वास्तुशिल्पी बान शिगेरू यांच्या कल्पनेतून कागदी नळ्यांच्या खांबांचे प्रार्थनागृह उभे राहिले. शुकुगावाच्या मंदिराला इजा पोहोचली, पण ते उभे राहिले.

त्या पहाटे अग्निशमन दलाच्या गाड्या गल्ल्यांत शिरू शकत नव्हत्या. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. कोणाच्या घरी कोण कोणत्या खोलीत झोपते, ही माहिती ज्या गल्लीत होती तेथे माणसे लवकर सापडली. जेथे कुंपणे उंच होती आणि ओळखी सकाळच्या गाडीपुरत्याच होत्या, तेथे शोध कोठून सुरू करावा हेच कळेना. वसईच्या जुन्या आळीत राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. आता आळी सोडून सदनिकेत गेलेल्याने मात्र हे दोनदा वाचावे.

कोबायाशीचा लोहमार्ग तुकड्यातुकड्याने पुन्हा जोडला गेला. निशिनोमिया-कितागुची ते शुकुगावा हा तुकडा सर्वांत शेवटी, १२ जून १९९५ रोजी सुरू झाला. एन्दो २९ सप्टेंबर १९९६ रोजी वारले. याच भागात लहानाचे मोठे झालेले कादंबरीकार मुराकामी हारुकी १९९७ च्या मे महिन्यात एकटेच आले आणि निशिनोमियाहून कोबेच्या सान्नोमियापर्यंत दोन दिवस पायी चालले. आपले बालपणीचे गाव किती उरले आहे, ते त्यांना पाहावयाचे होते. गोन्सालो गार्सिया कापल्या कानाने याच पट्टीतून पश्चिमेकडे गेले, त्याला त्या वर्षी बरोबर चारशे वर्षे झाली होती. मुराकामी ज्या दिशेने चालले तीच दिशा, उजव्या हाताला तोच डोंगर. कैद्यांना मात्र पुढे आकाशी, हिमेजी, ओकायामा, हिरोशिमा असे करीत, कधी पायी, कधी घोड्यावर, ५ फेब्रुवारीपर्यंत नागासाकी गाठावयाचे होते.