तुळईचे गणित

माळा घालताना सुतार तुळई उभ्या अंगाने बसवतो, आडवी निजवीत नाही. का, म्हणून विचारा; तो म्हणेल, "निजवली तर वाकेल." हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण तुळई नेमके किती वजन पेलेल, याचा हिशेब मांडायला माणसाला फार काळ लागला.

या हिशेबाचा पाया घातला इटलीच्या गॅलिलिओने. पृथ्वी फिरते, या मतापायी धर्मपीठाने १६३३ साली त्याला शिक्षा केली आणि पुढे घरातच स्थानबद्ध ठेवले. तिथे लिहून पुरा केलेला त्याचा ग्रंथ १६३८ साली हॉलंडात लायडन येथे छापून निघाला. तोवर त्याची दृष्टी गेली होती. त्या ग्रंथात एक चित्र आहे: भिंतीत रोवलेली तुळई आणि तिच्या मोकळ्या टोकाला टांगलेले वजन.

आता ही तुळई मोडेल कुठे? समजा, ती भिंतीबाहेर ३ मीटर आहे आणि टोकाला २० किलो वजन आहे. तिचे स्वतःचे वजन तूर्त सोडून देऊ. तिला कापू पाहणारा जोर, म्हणजे कर्तन बल, टोकापासून भिंतीपर्यंत सगळीकडे २० किलोच. वाकवणारा जोर मात्र अंतराबरोबर वाढत जातो. टोकापासून १ मीटरवर २०, २ मीटरवर ४० आणि भिंतीपाशी २० गुणिले ३, म्हणजे ६०. याला नमन परिबल म्हणतात. तेव्हा तुळई मोडायची ती भिंतीपाशीच.

गॅलिलिओने हे ओळखले होते. तुळईची उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते, हेही त्याने बरोबर सांगितले. चुकले ते एका ठिकाणी. भिंतीपाशी लाकडाचे सगळे तंतू सारखेच ताणले जातात, असे त्याने धरले. वास्तविक वरचे तंतू ताणले जातात, खालचे दाबले जातात आणि मधला थर ना ताणला जातो, ना दाबला जातो. त्यामुळे त्याच्या रीतीने १०० किलोला मोडणारी चौकोनी तुळई ३०० किलो पेलेल, असे उत्तर यायचे. अशा उत्तरावर भिस्त ठेवून छप्पर टाकले तर काय होईल, ते सांगायला नको!

फ्रान्समध्ये पारां याने १७१३ साली आणि कुलों याने १७७३ साली ही चूक दुरुस्त केली. नाव्हिए याची व्याख्याने १८२६ साली छापली गेली, तेव्हा कुठे हे गणित इंजिनियरांच्या रोजच्या कामात आले. मध्ये १८८ वर्षे गेली.

शिक्षकांनी वर्गात एक लाकडी पट्टी मुलांच्या हाती द्यावी. आधी निजवून, मग उभी धरून ती वाकवायला सांगावी. बोटांना फरक कळला, की मग फळ्यावर आकडे मांडावेत.